नीरोने फिडल वाजवलं नाही. मग त्याने केलं काय?

राज्यकर्त्यांच्या बेफिकिरीवर आसूड ओढायचा असला की आपल्याकडे अग्रलेखापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत एक वाक्य हमखास येतं: रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता. पूर असो, दुष्काळ असो की दंगल, नीरोची आठवण निघतेच. पण जे त्याने केलं नाही ते या वाक्याने त्याच्या माथी मारलं आणि जे त्याने खरोखर केलं त्यावर पांघरूण घातलं. मला हे पांघरूण जास्त खटकतं, कारण त्याखाली तो एकटा नाही. त्याचे गुरू आहेत, सेनापती आहेत, सगळं सिनेट आहे.

आधी आगीचा प्रश्न निकालात काढू.

"रोम जळत असताना तो फिडल वाजवत होता"

व्हायोलिनच्या कुळातलं हे वाद्य युरोपात सोळाव्या शतकात आकाराला आलं. नीरो गेला इसवी सन ६८ मध्ये. तो वाजवायचा ते किथारा, म्हणजे तारा छेडून वाजवायचं, मोठ्या लायरसारखं वाद्य. ते तो मन लावून शिकला होता. टेर्प्नस नावाच्या नामवंत वादकाला त्याने गादीवर येताच जवळ बोलावून घेतलं. आवाज कमवण्यासाठी तो उताणा पडून छातीवर शिशाचा पत्रा ठेवायचा, गळ्याला बाधतील ते पदार्थ टाळायचा.

आग लागली इसवी सन ६४ मध्ये, १८ जुलैच्या रात्री. सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाला लागून दुकानांची रांग होती, त्यांत पेट घेणारा माल भरलेला. तिथे ठिणगी पडली आणि वाऱ्याने ती मैदानाच्या लांबीभर पळवली. सहा दिवस शहर जळत राहिलं, विझतंय असं वाटेपर्यंत पुन्हा भडकलं. रोमच्या चौदा विभागांपैकी तीन भुईसपाट झाले, सात होरपळले, जेमतेम चार वाचले. तेव्हा नीरो रोममध्ये नव्हताच. तो पन्नासेक किलोमीटरवर समुद्रकाठी अँटियमला होता, आपल्या जन्मगावी.

परत आल्यावर त्याने काय केलं, हे त्याच्याविषयी मुळीच माया नसलेल्या टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. बेघर लोकांसाठी मार्सचं मैदान आणि स्वतःच्या बागा खुल्या केल्या, तात्पुरते निवारे उभारले, ओस्टिया बंदरातून आणि आसपासच्या गावांतून अन्न आणवलं, धान्याचा भाव उतरवला. नंतर शहर नव्याने बांधताना रस्ते रुंद ठेवले, इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली, दोन घरांत सामायिक भिंत नको असा नियम केला आणि घरांचा काही भाग लाकडाऐवजी आगीला न जुमानणाऱ्या दगडात बांधायला लावला. आपत्तीनंतर एखाद्या शासनाने याहून फारसं काय करायचं असतं?

मग गाण्याची गोष्ट आली कुठून? शहर जळत असताना नीरो घरातल्या रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता, अशी लोकांत कुजबुज होती. टॅसिटस ती अफवा म्हणून सांगतो. पुढे सुएटोनियसने तिला मनोऱ्यावर चढवून घटना करून टाकली, आणि तिसऱ्या शतकातल्या कॅसियस डिओपर्यंत येता येता तिच्याविषयी शंकाच उरली नाही. नीरोचं चरित्र आपल्याला मुख्यतः या तिघांकडून कळतं. आग लागली तेव्हा टॅसिटस आठेक वर्षांचा पोर होता, सुएटोनियस जन्मलाही नव्हता. तिघेही वरच्या वर्गातले. रंगमंचावर उभा राहणारा सम्राट त्या वर्गाला खुन्याइतकाच किळसवाणा वाटायचा, हे त्यांना वाचताना विसरून चालत नाही.

"महाल बांधायला जागा हवी म्हणून त्यानेच आग लावली"

संशय तेव्हाच घेतला गेला होता, कारण जळलेल्या जागेवर त्याने खरोखरच प्रचंड सुवर्णमहाल उठवला. त्यात तलाव होता, कुरणं होती, दाराशी त्याचा स्वतःचा तीसेक मीटर उंचीचा पुतळा होता. पुढे कोलोसियम उभं राहिलं ते त्याच तलावाच्या जागी. पण आग सुरू झाली ती महालाच्या मोक्याच्या जागेपासून दूर, आणि नीरोचा आधीचा महाल, नव्याने सजवलेला, तिच्यातच खाक झाला. पौर्णिमा नुकतीच उलटून गेली होती. चोरून आग लावणारा असली उजेडाची रात्र निवडत नाही. दाटीवाटीच्या, लाकडी माड्यांच्या रोममध्ये आगी नित्याच्याच होत्या. बहुतेक इतिहासकार आज हा अपघात मानतात.

खरा गुन्हा आगीनंतर घडला. संशय झटकण्यासाठी नीरोने ख्रिस्ती लोकांना पुढे केलं. जनावरांची कातडी पांघरवून त्यांना कुत्र्यांपुढे सोडलं, क्रुसावर चढवलं, अंधार पडल्यावर उजेडासाठी पेटवलं. हे सगळं त्याने आपल्या बागेत तमाशा म्हणून मांडलं. आग आणि ही शिक्षा यांचा संबंध टॅसिटसच स्पष्टपणे जोडतो, त्यामुळे काही अभ्यासक त्याबद्दल वाद घालतात. ख्रिस्ती लोकांना शिक्षा झाल्याचं सुएटोनियसही नोंदवतो. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. तरी तो सांगतो की बघणाऱ्यांना त्यांची दया आली, कारण ही माणसं लोकहितासाठी नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्यापायी मरताहेत असं त्यांना वाटलं.

"पहिली पाच वर्षं सोन्यासारखी होती, मग तो बिघडला"

हा गैरसमज जास्त सभ्य आणि म्हणून जास्त चिवट. शाळेच्या पुस्तकाला शोभेल अशी त्याची मांडणी असते: सोळा वर्षांचा गुणी मुलगा, सेनेकासारखा तत्त्वज्ञ गुरू, बुर्रससारखा सरळ सेनापती, तोवर सगळं आलबेल, पुढे सत्तेने डोकं फिरवलं. सम्राट ट्राजननेच नीरोच्या पाच वर्षांची तारीफ केली होती, असं चौथ्या शतकातला एक लेखक सांगतो.

कारभारापुरतं त्यात तथ्य आहे. आधीचा सम्राट क्लॉडियस याच्या काळात बंद खोलीत चालणारे खटले थांबले. स्वतःचे सोन्याचांदीचे पुतळे नीरोने नाकारले. इसवी सन ५८ मध्ये तर सगळे अप्रत्यक्ष कर उठवण्याचं त्याच्या मनात आलं. साम्राज्य कोसळेल असं सांगून सिनेटर्सनी त्याला थांबवलं, तेव्हा निदान करवसुलीचे नियम जाहीर लावले जावेत असा हुकूम त्याने काढला. मृत्युदंडाच्या आदेशावर सही करताना, आपल्याला लिहिता आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तो हळहळल्याचं सेनेकाने लिहून ठेवलं आहे.

पण त्याच वर्षांत घरात काय चाललं होतं ते पाहा. नीरो क्लॉडियसचा सख्खा मुलगा नव्हता. त्याची आई अग्रिपिना ही क्लॉडियसची सख्खी पुतणी. सिनेटकडून कायदा बदलून घेऊन इसवी सन ४९ मध्ये तिने काकाशी लग्न केलं, वर्षभरात मुलाला दत्तक घ्यायला लावलं आणि पुढे क्लॉडियसची मुलगी ऑक्टाव्हिया हिच्याशी त्याचं लग्न लावून दिलं. ऑक्टोबर ५४ मध्ये क्लॉडियस वारला. अळंबीतून विष दिल्याचा संशय तेव्हापासून आहे. ब्रिटानिकस हा त्याचा पोटचा मुलगा नीरोहून तीन वर्षांनी लहान होता. चार महिन्यांत, चौदावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना, तो भर जेवणात कोसळला. टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं गरम पेय आधी चाखून पाहिलं गेलं, ते फार कढत म्हणून त्याने परत केलं, आणि विष होतं ते निववायला घातलेल्या गार पाण्यात. हे फेफरं आहे, लहानपणापासून येतं, असं सांगून नीरो जेवत राहिला. ब्रिटानिकसच्या बहिणीने, म्हणजे नीरोच्याच बायकोने, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. त्याच रात्री पावसात अंत्यविधी उरकण्यात आला. मुलगा खरोखर फेफऱ्यानेच गेला असेल असं मानणारे अभ्यासकही आहेत. तेव्हाच्या रोमने मात्र तसं मानलं नाही.

यानंतर सेनेकाने नीरोला उद्देशून दयाबुद्धीवर ग्रंथ लिहिला. तुझा हात नागरिकांच्या रक्ताने कधी विटाळला नाही, अशा आशयाची त्यात स्तुती आहे. ब्रिटानिकस जाऊन तेव्हा वर्षही झालं नसेल, फार तर दोन. तो ग्रंथ आजही उत्तम वाचला जातो. माझ्या मते नीरोच्या ऱ्हासाची सुरुवात शोधायची तर ती याच पानांत सापडते.

मग आला इसवी सन ५९ चा मार्च. आई आता सत्तेत वाटेकरी म्हणून नकोशी झाली होती. मिनर्व्हा देवीच्या सणाचं निमित्त करून नीरोने तिला नेपल्सच्या आखातावर बाइये इथे बोलावलं, जेवू घातलं, निघताना कवटाळून निरोप दिला आणि मुद्दाम बनवून घेतलेल्या नावेत बसवलं. शिसं भरून जड केलेलं छत तिच्यावर पडायचं होतं आणि नाव फुटायची होती. ही कल्पना आरमाराचा प्रमुख अनिसेटस याची. छत पडलं, एक सोबती जागीच मेला, पण नाव धड फुटली नाही. आपल्याला वाचवतील म्हणून अग्रिपिनाची सोबतीण पाण्यातून ओरडली, मी अग्रिपिना. तिला वल्ह्यांनी ठेचून मारलं. खरी अग्रिपिना जखमी खांद्याने निमूट पोहत राहिली. होडीवाल्यांनी तिला उचललं आणि ती आपल्या घरी पोचली. तिथून तिने मुलाला निरोप धाडला की देवाच्या कृपेने मी वाचले, तू काळजी करू नकोस, एवढ्यात भेटायलाही येऊ नकोस. सगळं कळूनही न कळल्यासारखं दाखवणं, एवढाच उपाय तिच्या हाती होता.

भेदरलेल्या नीरोने सेनेका आणि बुर्रसला रातोरात बोलावून घेतलं. दोघे बराच वेळ गप्प होते. मग सेनेकाने बुर्रसकडे पाहून विचारलं, सैनिकांना हुकूम द्यायचा का? बुर्रस म्हणाला, माझे सैनिक सीझरांच्या सगळ्या घराण्याला बांधलेले आहेत, अनिसेटसने सुरू केलंय, त्यानेच संपवावं. त्या खोलीत हे करू नये असं कोणीही म्हणालं नाही. अनिसेटसने संपवलं.

दुसऱ्या दिवशी नीरो थिजून बसला होता. त्याला धीर यायला सुरुवात झाली ती बुर्रसने पाठवलेले अधिकारी आईच्या कारस्थानातून वाचल्याबद्दल त्याचा हात हाती घेऊन अभिनंदन करू लागले तेव्हा. आसपासच्या गावांनी देवळांत यज्ञ केले. सिनेटला जे खुलाशाचं पत्र गेलं ते सेनेकाने लिहिलेलं होतं, हे सर्वांना ठाऊक होतं. सिनेटने आभाराचे ठराव केले, अग्रिपिनाचा जन्मदिवस अशुभ ठरवला. थ्रेसिया पेटस हा एकटा सिनेटर उठून बाहेर गेला. सात वर्षांनी त्याला त्याची किंमत जीव देऊन चुकवावी लागली. रोममध्ये तोंड कसं दाखवायचं या भीतीने नीरो काही काळ बाहेरच रेंगाळत होता. शेवटी आला तेव्हा सिनेटर सणाच्या पोशाखात सामोरे आले होते, बायकामुलं ओळीने उभी होती, विजययात्रेला बांधतात तशी बसायची मचाणं रस्त्याच्या कडेला बांधली होती. हा प्रसंग केवळ टॅसिटसचा फुलोरा म्हणून सोडून देता येत नाही. अर्व्हल बंधू नावाच्या पुरोहितमंडळाने त्या वर्षी सम्राटाच्या क्षेमासाठी यज्ञ केल्याची नोंद संगमरवरात कोरलेली आहे.

इसवी सन ६२ मध्ये बुर्रस वारला, सेनेका बाजूला झाला, बुर्रसच्या जागी टिगेलिनससारखा क्रूर माणूस पुढे आला. नीरोला प्रेयसी पोपेयाशी लग्न करायचं म्हणून ऑक्टाव्हियावर व्यभिचाराचा आळ घातला गेला. दासींचा छळ करूनही पुरावा मिळेना, तेव्हा पुन्हा अनिसेटसच उपयोगी पडला. तिच्याशी आपले संबंध होते अशी खोटी कबुली त्याने दिली, आणि सार्डिनियात सुखाने हद्दपारी भोगली. विशीतल्या ऑक्टाव्हियाला पांडाटेरिया बेटावर नेऊन मारण्यात आलं. याहीबद्दल देवळांत आभार मानण्याचा ठराव झाला.

"तो वेडा होता"

वेड लागलेला माणूस असली तजवीज करत नाही. कबुली देणारा साक्षीदार तयार ठेवणं, खुलासा उत्तम लेखकाकडून लिहून घेणं, सिनेटची मान्यता पदरात पाडणं ही शुद्धीतली कामं आहेत. ज्या दिवशी आईच्या खुनाबद्दल टाळ्या मिळाल्या त्या दिवशी त्याला कळलं की मर्यादा नाही. इसवी सन ६५ मध्ये त्याच्याविरुद्ध झालेल्या कटात पकडलेल्या सुब्रियस फ्लाव्हस या सैनिकाला नीरोने विचारलं, शपथ का मोडलीस? तो म्हणाला, तू प्रेमाला पात्र होतास तोवर माझ्याइतका निष्ठावंत कोणी नव्हता. मग आई आणि बायकोचा खुनी, सारथी, नट आणि आग लावणारा झालास, तेव्हा मला तुझा द्वेष वाटू लागला. या यादीत खून आणि रथ हाकणं शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्याच कटात सेनेकालाही शिरा कापून घ्यायला लावलं गेलं.

"तो मेला आणि लोक सुटले"

सिनेट सुटलं, हे खरं. सैन्याने आणि अंगरक्षकांनी पाठ फिरवल्यावर सिनेटने त्याला देशाचा शत्रू ठरवलं आणि ९ जून ६८ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, शहराबाहेरच्या एका घरात त्याने गळ्यावर सुरी चालवून घेतली. काही लोक आनंदाने नाचले. पण त्याच्या थडग्यावर कितीतरी वर्षं कोणी ना कोणी फुलं वाहत होतं, असं सुएटोनियसच सांगतो. पुढच्या वर्षी गादीवर आलेल्या ओथोने सुवर्णमहाल पुरा करायला पैसे मंजूर केले, कारण नीरोचं नाव अजून खपत होतं.

पूर्वेकडे तर तो गेलाय यावरच लोकांचा विश्वास बसेना. ग्रीसला त्याने इसवी सन ६७ मध्ये करमुक्त केलं होतं. त्याआधीच्या वर्षी, पार्थियाचा राजा व्होलोगेसेस याचा भाऊ तिरिदातेस याच्या डोक्यावर आर्मेनियाचा मुकुट स्वतःच्या हाताने ठेवून त्याने जुनं युद्ध मिटवलं होतं. पुढे व्होलोगेसेसने रोमच्या सिनेटकडे वकील पाठवले तेव्हा नीरोच्या स्मृतीचा मान राखा, अशी आग्रहाची विनंती केली. नीरो असल्याची बतावणी करणारे तोतये एकामागून एक उठले. पहिला ग्रीक बेटांवर पकडून मारला गेला, दुसरा आशियात टेरेन्शियस मॅक्सिमस नावाचा निघाला. इसवी सन ८८ च्या सुमारास, म्हणजे नीरोला जाऊन वीस वर्षं झाल्यावर, आणखी एक जण पार्थियात उगवला. पार्थियन लोकांनी त्याला इतकं उचलून धरलं की त्याला रोमच्या हवाली करायला ते सहजी तयार होईनात.