गरीस लागलेली मुशी : लहान जात कीं मोठ्याचें पिलूं ?

समुद्रकांठीं राहणाऱ्या अथवा सुटींत कोंकणांत जाणाऱ्या बहुतेक मोठ्या कुटुंबांत गरी घेऊन खाडीवर बसण्याचा छंद असलेला एखादा तरी मनुष्य आढळतो. ज्या घरीं मासे खात नाहींत तेथील मुलेंहि भरतीच्या वेळीं धक्क्यावर उभीं राहून दुसऱ्याच्या गरीकडे टक लावून पाहत असतात. अशा वेळीं केव्हां तरी दोरीस निराळाच हिसका बसतो, आणि वर येतो तो राखी रंगाचा, हातास कानशीसारखा खरबरीत लागणारा दीड-दोन फुटांचा मासा. जमलेली मंडळी एकदम म्हणतात, ‘मुशी !’ मालवणाकडील लोक तिलाच ‘मोरी’ म्हणतात. एवढें नांव मिळालें कीं सर्वांचें समाधान होतें.

परंतु मुशी हें एका माशाचें नांव नव्हे. तें एका मोठ्या गोत्राचें नांव आहे. त्या गोत्रांत जन्मभर अडीच फुटांच्या वर न जाणारे मासे आहेत, आणि पुढें दहा-बारा फूट वाढणाऱ्या माशांचीं नुकतींच जन्मलेलीं पिलेंहि आहेत. गरीस लागल्यावर दोघांची लांबी सारखीच भरते. म्हणून मुशी ओळखूं पाहणाऱ्यानें पहिला प्रश्न ‘हिचें नांव काय ?’ असा न विचारतां ‘ही प्रौढ आहे कीं बालक ?’ असा विचारावा. ती ठेवावी कीं सोडावी, याचा निर्णय त्या उत्तरावरच अवलंबून आहे.

प्रथम हातांतील मासा मुशीच आहे याची खात्री करून घ्यावी. सुरमई, बांगडा, पापलेट इत्यादि माशांच्या कल्ल्यांवर एकेकच झांकण असतें. मुशीस असें झांकण नसतें. तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंस पांच-पांच उभ्या चिरा असतात. सकला नांवाचा लांबोडा, काळपट मासा पाण्यांत दुरून मुशीसारखा भासतो. पण कल्ल्यावरील झांकण पाहतांच तो भ्रम फिटतो. याच चिरा अंगाच्या खालच्या बाजूस असतील, तर तो मासा मुशी नसून पाकट किंवा त्याचा भाऊबंद समजावा.

खऱ्या लहान जाती

आपल्या किनाऱ्यावर विपुल सांपडणारी लहान मुशी म्हणजे शास्त्रज्ञ जिला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस म्हणतात ती. म्युलर व हेन्ले या दोन जर्मन पंडितांनीं १८३८ सालीं तिचें हें नामकरण केलें. ज्या वाचकांनीं कॉलेजांत प्राणिशास्त्र घेतलें होतें, त्यांस ती मुळींच अनोळखी नाहीं. प्रयोगशाळेंत मेणाच्या ट्रेमध्यें टांचून जिचे मज्जातंतु मोकळे करावे लागत, ती ‘डॉगफिश’ हीच. १९२८ सालीं ई. एम्. थिल्लैयंपलम् यांनीं तिच्या शरीररचनेवर लिहिलेला प्रबंध ‘इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेंत प्रसिद्ध झाला. पुढें आपल्या देशांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं या एका माशावरूनच शार्कवर्गाची ओळख करून घेतली.

तिच्या खुणा सोप्या आहेत. मुस्कट चपटें व फावड्याच्या पात्यासारखें रुंद; छातीचे पर आंखूड व त्रिकोणी; पाठीवरचा पहिला पर बराच मागें सरलेला. दुसरा पर अगदीं इवलासा असून तो खालच्या गुदपराच्या मागल्या भागावर बसविल्यासारखा दिसतो. अंगावर ठिपका नाहीं, परांच्या टोंकांस काळा रंग नाहीं. तिची लांबी सहसा दोन फुटांच्या आंतच असते, आणि नर एक फुटाच्या आसपासच वयांत येतो.

दुसरी जात ऱ्हायझोप्रिओनोडॉन अॅक्युटस ही होय. इंग्रजींत हिला ‘मिल्क शार्क’ म्हणतात, आणि तामीळांतील ‘पाल-सुरा’ या नांवाचा अर्थहि ‘दूध-मुशी’ असाच आहे. हिचें मांस खाल्ल्यानें बाळंतिणीस भरपूर दूध येतें, या हिंदुस्थानांतील जुन्या समजुतीवरून हें नांव पडलें. अशी समजूत घरांत असल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शार्कच्या मांसांत पारा सांठतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें गर्भवतींनीं व अंगावर पाजणाऱ्या मातांनीं तें वर्ज्य करावें असा सल्ला दिला आहे. दूध-मुशीचें मुस्कट लांब व निमुळतें, डोळे मोठे, आणि तोंडाच्या कोपऱ्यांत वरखालीं स्पष्ट दिसणाऱ्या लांब खाचा असतात. हिचाहि दुसरा पर लहान असून गुदपराच्या बराच मागून सुरू होतो. ही साधारणतः तीन-साडेतीन फुटांपर्यंत वाढते.

तिसरा गट कातळांत व खडकाळ तळाशीं राहणाऱ्या बांबू-शार्कचा, म्हणजे चिलोसिलियमचा. याच्या नाकपुड्यांपाशीं दोन आंखूड मिशा असतात, तोंड डोळ्यांच्या पुढें असतें, आणि डोळ्यांमागें श्वासरंध्र स्पष्ट दिसतें. शेपटीकडील भाग लांब व सडपातळ असतो. हा अंडीं घालणारा मासा आहे.

मिशांचा बांबू-शार्क वेगळा काढला, कीं उरलेल्यांसाठीं एक सोपा नियम सांगतां येतो. मासा आडवा धरून पाठीवरचा दुसरा पर व खालचा गुदपर यांची तुलना करावी. वरचा पर लहान असून बराच मागून सुरू होत असेल, तर ती बहुधा लहान जात होय. दोन्ही पर जवळजवळ समोरासमोर सुरू होत असतील, तर तो मासा कार्करिनस या मोठ्या घराण्यांतील असावा, अशी शंका घ्यावी.

मोठ्यांचीं पिलें

या घराण्यांत घोटाळा होतो तो मुख्यतः काळ्या टोंकांमुळें. टोंक काळें दिसलें कीं ‘ब्लॅकटिप’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु काळ्या टोंकांच्या जाती अनेक आहेत. केवळ पाठीवरील दुसऱ्या परावर काळा डाग व बाकीचे पर स्वच्छ, अशी असेल तर ती सुमारें तीन फूट वाढणारी कार्करिनस डुसुमिएरी, म्हणजे या घराण्यांतीलहि लहान जात. छातीचे पर, पाठीवरचा दुसरा पर व शेपटीचा खालचा फांटा हे काळ्या टोंकांचे असून दोन पाठपरांच्या मध्यें कातडीची बारीक उभारलेली रेघ हातास लागत असेल, तर ती सोरा शार्क. रेघ नसून बहुतेक परांस काळें असेल, तर तें आठ फूट वाढूं शकणाऱ्या कार्करिनस लिंबाटसचें पिलूं असण्याचा संभव अधिक. शिवाय अत्यंत दुर्मिळ झालेल्या पाँडिचेरी शार्कचींहि टोंकें काळींच असतात. यावरून केवळ रंगावर भिस्त ठेवणें किती धोक्याचें आहे, हें ध्यानांत येईल.

हातोड्यासारख्या डोक्याची मुशी कोणासहि ओळखतां येते. परंतु तिची लांबी पाहून ती लहान जात आहे असें मानूं नये. डोक्याच्या पुढच्या कडेस बरोबर मध्यभागीं खांच असलेली स्फिर्ना लेविनी जन्मतः सुमारें दीड फुटाची असते, आणि पुढें दहा-अकरा फूट वाढते. तिचीं पिलें उथळ पाण्यांत वाढतात, व म्हणूनच तीं काठीच्या टप्प्यांत येतात. जागतिक निसर्गसंरक्षण संघानें २०१९ सालीं ही जात ‘अत्यंत संकटग्रस्त’ ठरविली.

खाडीच्या तोंडाशीं आंखूड, बोथट मुस्कटाचें, बारीक डोळ्यांचें, अंगानें जाडजूड असें दोन-अडीच फुटांचें पिलूं सांपडलें, तर विशेष सावध राहावें. तें बुल शार्कचें असूं शकतें. ही जात नदीमुखाशींच वितें. पण तिच्याशीं फार साम्य असलेला दुसराहि एक मासा आहे, तो म्हणजे गंगेचा शार्क. तो पूर्वेकडचा म्हणून येथें भेटणारच नाहीं, असें समजूं नये. २०१६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईच्या ससून डॉकवर त्याची पावणेनऊ फूट लांबीची एक मादी आढळली होती.

बेंबी असलेला मासा

पिलूं ओळखण्याची उत्तम खूण परांवर नसून पोटावर असते. अंडीं घालणें हा बहुतेक माशांचा धर्म. पण स्कोलिओडॉन, दूध-मुशी, कार्करिनस व हातोड्या या सर्व जाती जिवंत पिलें प्रसवतात. आईच्या उदरांत पिलास वार असते व नाळहि असते. भूमध्यसमुद्रांतील एका शार्कविषयीं ही गोष्ट अॅरिस्टॉटलनें दोन हजार वर्षांपूर्वींच लिहून ठेविली होती. १८४२ सालीं योहान्नेस म्युलर यानें सूक्ष्म निरीक्षणानें तिची सत्यता दाखविली. आपल्या मुशीस नांव देणारा म्युलर तो हाच. त्या स्कोलिओडॉनचें अंडें मोहरीच्या दाण्याहून मोठें नसतें. अर्थात् तिच्या गर्भाचें जवळजवळ सारें पोषण वारेंतूनच होतें.

जेथें नाळ, तेथें बेंबी ही आलीच. छातीच्या दोन परांच्या मध्यें, पोटाच्या मध्यरेषेवर ती पाहावी. नुकत्या जन्मलेल्या पिलाची बेंबी उघडी चीर असते; कांहीं आठवड्यांत ती बुजूं लागते, मग फिकट रेघ उरते व पुढें तीहि दिसेनाशी होते. स्कोलिओडॉन जन्मतः अर्ध्या फुटाची व दूध-मुशी फूट-सव्वा फुटाची असते. तेव्हां दोन फुटांच्या मुशीच्या पोटावर ताजी बेंबी दिसली, तर ती मोठ्या जातीचें तान्हें बाळ आहे, याविषयीं संशय राहत नाहीं.

नराच्या बाबतींत आणखी एक कसोटी आहे. पोटाच्या परांच्या आंतल्या कडेस त्यास दोन आलिंगक असतात. ते लांब व कडक झाले असतील तर नर वयांत आला. आंखूड व मऊ असतील तर तो अद्याप पोर आहे. फूटभर मुशीचे आलिंगक कडक असले, तर ती पूर्ण वाढलेली लहान जात होय. दोन फुटांच्या मुशीचे मऊ असले, तर तिला अजून पुष्कळ वाढावयाचें आहे.

ओळखीचा उपयोग

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. सुरमईची मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं सोडते. त्यांतलीं बहुतेक नष्ट झालीं तरी वंश चालतो. बुल शार्कची मादी वयांत येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, दहा-अकरा महिने गर्भ वाहिल्यावर तिला फार तर डझनभर पिलें होतात. अशा वंशांतील एक पिलूं जाणें म्हणजे काय, हें घरांत लेंकरें वाढविणाऱ्या माणसांस निराळें सांगावयास नको. शिवाय कायद्याचाहि प्रश्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत २००१ सालीं ज्या शार्क-पाकटांचा समावेश झाला, त्यांत गंगेचा शार्क व पाँडिचेरी शार्क हे दोन्ही आहेत. ‘मला ओळखतां आला नाहीं’ म्हटल्यानें गेलेला मासा परत येत नाहीं.

म्हणून आम्ही असा नियम सुचवितों : प्रौढ लहान जात निःसंशय ओळखतां आली तरच ठेवण्याचा विचार करावा, शंका असेल तर सोडून द्यावें. सोडतांना हात ओले करावे. मासा शक्य तों पाण्यांतच ठेवून एक हात छातीच्या परांमागें व दुसरा शेपटीच्या अलीकडे धरावा. शेपटीनें उलटा टांगूं नये. कारण त्याचा सांगाडा कूर्चेचा असून पोटांतील अवयवांस बळकट आधार नसतो. गरीचा उलटा कांटा आधींच पक्कडीनें दाबून ठेविल्यास ती सहज निघते. गिळली असेल तर ओढाताण न करतां दोरी तोंडाजवळ कापावी. ओळख पटविण्यासाठीं एक छायाचित्र बाजूनें व एक पोटाकडून, जवळ माप ठेवून घ्यावें. मग पर, बेंबी, तोंडाच्या खाचा सर्व घरीं स्वस्थपणें तपासतां येतात. हें काम दोघांनीं मिळून केलें, तर मिनिटभरांत होतें. मुलांस बरोबर न्यावें, आणि पोटावरची ती चीर त्यांस आधीं दाखवावी. कोणती मुशी सोडावयाची, हें मग तींच सांगूं लागतील.