जीव नकोसा झालेल्यांविषयींचे गैरसमज

घरांत कोणी 'आतां जगूं नयेसें वाटतें' असें म्हटलें, कीं वडील माणसें बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर देतात: 'असें अभद्र बोलूं नये', अथवा 'बोलणारा कांहीं करीत नाहीं'. माझी हयात शिकविण्यांत गेली. हीं दोन्ही उत्तरें मींही दिलेलीं आहेत.

पुष्कळ वर्षांपूर्वीं शालान्त परीक्षेच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी संध्याकाळीं माझ्या ओटीवर येऊन तसेंच बोलला. मीं त्यास धैर्यावर व्याख्यान ऐकविलें. सुदैवानें त्याच्या आत्याबाईंनीं त्याचें मन ओळखलें व तो वांचला. मोठेपणीं तो मला म्हणाला, "गुरुजी, मला मरावयाचें नव्हतें, तें दुःख थांबावें, एवढेंच वाटत होतें. आपण सांगितलें पुष्कळ. विचारलें मात्र कांहींच नाहीं." तो शब्द मला अद्याप सलतो.

असा विचार भ्याडासच येतो, हा पहिला भ्रम. वाल्मीकींच्या सुंदरकांडांत सीतेचा शोध लागेना, तेव्हां प्रत्यक्ष हनुमंताच्या मनांत देहत्यागाचा विचार आला. पुढें जगण्यांतच कल्याण आहे असें ठरवून तो अशोकवनाकडे वळला, आणि सीता तेथेंच होती! त्यास भ्याड कोण म्हणेल? विचार येतो तसा ओसरतोही. मात्र तोंवर कोणी जवळ असावें लागतें.

विचारल्यानें नसता विचार मनांत भरेल, हा दुसरा भ्रम. वैद्यकशास्त्राचा अनुभव उलट आहे: सरळ, मायेनें विचारल्यास माणसाचा भार हलका होतो.

हा अपराध आहे, हा तिसरा. सन १८६० च्या दंडविधानाचें ३०९ वें कलम अशा प्रयत्नास एक वर्षापर्यंत कैद सांगत असे. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्याय संहितेंत तें जुनें कलम उरलेंच नाहीं. कायदा शहाणा झाला. आपली ओटी कधीं होणार?

म्हणून घराण्याच्या अब्रूसाठीं हें दुःख झांकूं नये. 'मरावेंसें वाटतें का?' असें शांतपणें विचारावें, उपदेश न करितां ऐकावें, त्या माणसास एकटें सोडूं नये, व विनाविलंब डॉक्टरांस दाखवावें. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि रात्रंदिवस विनामूल्य चालूं असतो. व्याख्यान मागाहून देतां येईल; आधीं विचारावें.