पर्यायाची किंमत

सनदी लेखापालाच्या सहीला कायद्याने वजन दिले आहे. त्यामुळे त्या सहीचा अधिकार देणारी परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोरच व्हावी, हा आग्रह अवाजवी म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो महामारीत या आग्रहाची किंमत कोणी मोजली हा.

मे २०२० ची परीक्षा प्रथम जूनमध्ये, मग जुलैअखेरीस ढकलली गेली व शेवटी नोव्हेंबरच्या परीक्षेत विलीन झाली. दरम्यान परीक्षेस न बसण्याचा 'पर्याय' देण्यात आला होता. दिसायला तो सर्वांना समान! परंतु घरात स्वतंत्र खोली असलेला उमेदवार आणि चाळीतल्या एका खोलीत वृद्ध आईवडिलांसह राहणारा उमेदवार यांच्यापुढील निवड एकच कशी? दुसऱ्याने केंद्रावरून आणलेला संसर्ग थेट आईच्या अंथरुणाशी पोचणार. न बसावे, तर नोकरी सहा महिने लांबणार, आणि तीही पगाराची निकड असलेल्या घरात. अर्थशास्त्रातला संधी खर्च तो हाच.

३० जून २०२१ रोजी, ५ जुलैची परीक्षा तोंडावर आली असता, सर्वोच्च न्यायालयाने आरटी-पीसीआर अहवालाची अट दूर केली. नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरेसे मानले आणि कुटुंबीयांच्या आजाराचीही दखल घेतली. हे योग्यच झाले. तथापि प्रमाणपत्राने बुडालेले महिने परत येत नाहीत. पुढील परीक्षा उजाडली ती डिसेंबरमध्ये. न बसलेल्यांसाठी मध्येच एक वेगळी परीक्षा घ्यावयास हवी होती. ते अशक्य होते असेही नाही. २०२५ पासून अंतिम परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली आहे.