मोफत नोंदणीचा महागडा अर्ज

न्हावा शेवा बंदरातून व्यवहार करणाऱ्या निर्यातदारांचे आणि कस्टम हाउस एजंटांचे पत्ते व्यापार प्रदर्शनांच्या याद्यांत सहज मिळतात. त्यावरूनच फॅक्सने किंवा ईमेलने ‘व्यवसाय निर्देशिके’चा अर्ज येतो. कंपनीचे नाव आधीच छापलेले असते. माहिती तपासून सही-शिक्क्यासह परत पाठवा, नोंद मोफत, असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. खरी मेख तळाच्या बारीक मजकुरात असते: सही म्हणजे बहुधा तीन वर्षांच्या सशुल्क जाहिरातीचा करार, दरवर्षी सुमारे हजार युरोंचा. पुढे वसुलीच्या धमक्या सुरू होतात. ही उघड लूटच आहे. युरोपीय संसदेने 16 डिसेंबर 2008 रोजी तिच्याविरुद्ध ठराव केला.

देशी प्रकार आयात-निर्यात कोडभोवती चालतो. कोडधारकाने दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये आपली माहिती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करायची असते आणि त्या काळात त्याला शुल्क नसते. सरकारी भासणारी खासगी संकेतस्थळे मात्र त्याचे पैसे घेतात. अस्सल सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते.

ऑनलाइन पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.