लस टोचल्यानंतरची दक्षता

मुलास लस टोचली की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. इ. स. १९५५ च्या एप्रिलात अमेरिकेत लाखो बालकांस पोलिओची लस टोचण्यात आली. थोड्याच दिवसांत काहींचा टोचलेलाच हात लुळा पडला. डॉक्टरांनी ते तत्काळ कळविले. पडताळा घेता ती लस कटर नामक कारखान्याची निघाली! विषाणू मारून करावयाच्या त्या लसीत काही जिवंत राहिले होते. महिना संपण्यापूर्वीच ती परत घेतली, तरी सुमारे २०० जण पंगू झाले व १० दगावले. पुढे तपासणी कडक करून लसीकरण पुन्हा चालू झाले. तात्पर्य, लस अवश्य टोचावी. परंतु मागाहून काही विपरीत दिसल्यास ते घरातच न ठेवता डॉक्टरांस कळवावे. इतर बालकांची सुखरूपता त्यावरच अवलंबून असते.