खाज, गांठ आणि एक लहानशी गोळी



वैद्यक हा माझा विषय नव्हे. मी मुलांना भाषा व गणित शिकविणारा मास्तर. तथापि घरांतील एका दुखण्यानें जें शिकविलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचे थोरले बंधू नांदेडास आमच्याजवळच राहतात. एका पावसाळ्यांत त्यांच्या अंगास रात्रभर खाज सुटूं लागली. अंगावर पुरळ मुळींच नव्हतें. दुकानांतून आणलेली खाजेची गोळी ते रोज घेत; झोंप येई, परंतु खाज जात नसे. असे चार महिने गेले. मग मानेवर सुपारीएवढी गांठ हातास लागली. ती दुखत नव्हती, म्हणून तिची चिंता कोणीं केली नाहीं. मींहि केली नाहीं. अखेर गांठ काढून तपासली, तेव्हां हॉजकिन लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग निघाला. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरानें १८३२ सालीं वर्णिलेला तो हाच रोग.

गोळी निरुपयोगी कां ठरली? आपल्या शरीरांतील कांहीं पेशींत हिस्टामीन नांवाचें द्रव्य सांठलेलें असतें. तें सुटलें कीं शिंका येतात, पित्त उठतें, खाज सुटते. कुलपांत दुसरी किल्ली आधींच अडकवून ठेवावी, त्याप्रमाणें ही गोळी हिस्टामीनची जागा अडवून बसते. असें पहिलें द्रव्य १९३७ सालीं पॅरिस येथें दानिएल बोवे यांच्या प्रयोगांतून पुढें आलें. परंतु या रोगाची खाज बहुधा निराळ्या वाटेनें येते. मूळ रोगावर उपचार झाला म्हणजेच ती शमते.

उपचारासाठीं आम्ही हैदराबादेस गेलों. शेजारच्या खाटेवर लातूरकडचे एक गृहस्थ होते. त्यांचा लिंफोमा निराळ्या प्रकारचा असल्यामुळें त्यांना रिटुक्सिमॅब हें औषध शिरेंतून द्यावयाचें होतें. त्याच्या अर्धा तास आधीं परिचारिकेनें त्यांना फेनिरामीनचें इंजेक्शन व तापाची गोळी दिली. बंधू म्हणाले, “अरे, ही तर माझ्याच गोळीची बहीण!” खरेंच होतें तें. रिटुक्सिमॅबच्या विशेषतः पहिल्या मात्रेच्या वेळीं थंडी वाजून ताप येणें, पित्त उठणें, रक्तदाब उतरणें, दम लागणें असे प्रकार होऊं शकतात. म्हणून हा पहारा बसवितात, व औषध प्रथम थेंबाथेंबानें सोडतात. हें इंजेक्शन कर्करोग बरा करीत नाहीं. उपचार सुखरूप पार पडावा, एवढेंच त्याचें काम.

तरीहि पहारेकरी असला म्हणून चोर येतच नाहीं, असें नव्हे. घशाशीं आवळल्यासारखें वाटलें, खाज सुटली, तर संकोच न करितां तत्काळ परिचारिकेस सांगावें. या औषधानें गुंगी येते. परत जातांना रुग्णानें स्वतः मोटारसायकल चालवूं नये. लघवीस अडथळा अथवा कांचबिंदू असल्यास तें डॉक्टरांना आधींच सांगावें.

बंधू आज बरे आहेत. राग त्या गोळीवर नाहीं; तिच्या भरंवशावर घालविलेल्या चार महिन्यांची मात्र खंत आहे. पुरळाविण न थांबणारी खाज, न दुखणारी गांठ, रात्रीं कपडे भिजविणारा घाम, कारणाविण उतरणारें वजन, यांपैकीं कांहीं दिसल्यास दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं डॉक्टरांकडे जावें, हीच माझी विनंती.