शिंगाचा भुगा आणि साचा

पोळ्याच्या दिवशी जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून ज्या शिंगांना रंग आणि बेगड चढते, ती बैलाच्या पश्चात कोठे उकिरड्यावर, कोठे खतात जातात. वस्तुतः निसर्गाने स्वहस्ते सिद्ध केलेले ते प्लास्टिकच असून त्याच्या भुग्यापासून साच्यात पुन्हा घन वस्तू घडविता येते, ही बाब आपल्या उद्योगांच्या जमाखर्चात नोंदली जात नाही याचा मला खेद वाटतो.

आतील हाड वेगळे केल्यावर जे पोकळ टरफल उरते ते केरॅटिन नामक प्रथिनाचे; आपली नखे व केसही त्याचेच. या प्रथिनाच्या दीर्घ साखळ्या गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी परस्परांशी जखडलेल्या असल्यामुळे शिंग पाण्यात विरघळत नाही. परंतु ओलावा आणि उष्णता एकत्र लाभली की इतर दुर्बल बंध सैल होऊन ते वाकते, आणि याच गुणाच्या आधारे उत्तर प्रदेशातील संभलचे कारागीर शिंग सपाट करून फण्या कापतात. 19 व्या शतकात युरोपात खूर व शिंगाचा भुगा तापलेल्या धातूच्या साच्यात दाबून बटणे होऊ लागली. भुगा बारीक व किंचित दमट असावा, साचा उकळत्या पाण्याहून अधिक तापवून त्यावर जबर दाब द्यावा, म्हणजे मऊ झालेले कण एकमेकांना भिडतात, गंधकाचे काही बंध तुटून शेजारच्या कणाशी नव्याने जुळतात, आणि दाब न सोडता साचा निववला तर एकसंध जिन्नस हाती येतो. पाणी जास्त झाले तर कोंडलेली वाफ फोड आणते. उष्णता अतिरेकी झाली तर केस जळल्याचा दर्प येऊन प्रथिनाचेच विघटन होते.

उद्योजक भवरलाल जैन यांनी 1978 साली जळगावात पपईच्या चिकापासून पपेन, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्या तोडणारे द्रव्य, काढण्यास प्रारंभ केला, आणि 1980 पासून त्यांच्याच उद्योगात पीव्हीसीच्या नळ्या निघू लागल्या. प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने तर या शहराची ओळखच झाले आहेत. प्रथिनांचे रसायन आणि प्लास्टिक घडविण्याचे कसब जेथे एकाच गावी नांदले, तेथे शिंगाच्या भुग्याचा प्रयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अर्थात केरॅटिन पाणी शोषून फुगते, म्हणून त्याची नळी होणार नाही. कोटाचे बटण आणि चाकूची मूठ मात्र उत्तम होईल.